भरलेल्या पेटीतली अफाट जागा

किशोर,

अरे, तू ती बादली ओतलीस! इतके महिने झाले तरी माझा विश्वास बसत नाही. माझ्या सख्ख्या भाचीच्या ऑफिसात, तिच्या नव्याकोऱ्या गालिच्यावर, सरकारी पाहुण्यांच्या बुटांवर. आणि मी समोर, काठाची साडी नेसून, हातात नारळ. तू, जो ऑटोवाल्यानं भलत्या गल्लीत नेलं तरी "हौ, इथून जातो मी चालत" म्हणून उतरतोस! तू, जो चहात साखर नसली तरी सांगत नाहीस!

आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे 'आपल्यातला एक माणूस' मागितला आहे. मी म्हटलं, दुसरं कोणी डोळ्यांपुढून हलतच नाही, मग हाच. पत्र तुला आहे, पण वाचणार आहेत बाकीचे, तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळू नकोस. कंटाळलास तरी तू बोलणार नाहीस, ते एक बरं आहे.

तर मंडळी, हा किशोर औसेकर. विद्यानगरला माझ्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहतो. लग्न केलं नाही. का नाही, ते मी विचारलं होतं, आणि त्यानं "राहून गेलं बाई" एवढंच सांगितलं होतं. वडील वसंतराव हायकोर्टात अनुवादक. जुन्या उर्दू कागदांचं इंग्रजी करायचे. एखादा शब्द अडला तर कागद तिथंच ठेवून, ज्याला तो कळेल अशा माणसाच्या घरी चालत जायचे. पोरानं तेवढी एकच इस्टेट उचलली.

मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत होते तेव्हा हा माझ्या वर्गात आला. मी फळ्यावर कुठल्याशा गावातल्या धान्याच्या उत्पन्नाची सरासरी काढत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे आकडे गोळा कोणी केले?"

"पुस्तकात दिलेत."

"पुस्तकवाल्याला कोणी दिले?"

मी त्याला वर्गाबाहेर काढलं. तास संपल्यावर दारातच उभा. "बाई, गुस्सा नका करू. पण आकडा कोणाला विचारून आला ते नाही कळलं तर सरासरी कशाची काढायची?" त्याच्याशी भांडायला गेले आणि त्याला घरी जेवायलाच बोलावून बसले.

तुला नुमाइश आठवते का रे? नामपल्लीच्या त्या प्रदर्शनाला आपण गेलो होतो, तुझी बहीण सुलभा लोकरी शाल घेत होती, आणि तिथल्या दुकानावर पाटी होती: आज इतके ग्राहक आले. तू दुकानदाराला विचारत बसलास. आले म्हणजे काय? घेऊन गेले ते, की नुसते डोकावले तेही? परत आलेला माणूस दोनदा धरला का? शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साब, वो परसों का बोर्ड है, उतारना भूल गए." सुलभा हसून हसून बाकावर बसली. तू हसला नाहीस. तुला उत्तर मिळालं होतं, तू समाधानानं चालू लागलास.

पुढं हा एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात लागला आणि फावल्या वेळात त्यानं एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. इतर प्रोग्रामांना लागणारं काम तयार करून ठेवलेला एक लहान प्रोग्राम, एवढं लक्षात ठेवा. ही लायब्ररी कॉम्प्युटरची नाडी बघते. किती काम अंगावर आहे, किती मेमरी उरली, डिस्कमध्ये किती जागा आहे, हे विचारते आणि आकड्यात सांगते. त्यानं ती फुकट जगाला देऊन टाकली. कुठल्या कुठल्या देशांतून त्याला आभाराच्या मेल यायच्या. मला वाचून दाखवायचा आणि लाजायचा.

आता माझी भाची. रसिका पुण्याची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नोकरीला इथं आली, नोकरी सोडून स्वतःची छोटी कंपनी काढली. मुसी नदीच्या काठी आणि नाल्यांवर खांब रोवून त्यांवर पेट्या लावायच्या. पाणी चढलं की पेटीनं मोजायचं, आणि ठरलेल्या खुणेवर गेलं की काठच्या वस्तीत भोंगा वाजवायचा. लोकांनी सामान उचलून वर यायचं. काम चांगलंच आहे. पोरीनं त्यात स्वतःला झिजवलंय, हे मी मावशी म्हणून सांगत नाही. मी कोणाची खोटी स्तुती करत नाही, ते तिलाही ठाऊक आहे.

पेटीत एक लहानसा कॉम्प्युटर असतो. तो धड आहे की नाही हे कोण बघणार? किशोरची लायब्ररी. पण जुने कॉम्प्युटर मिळेनासे झाले, नवे घेतले, त्यांची सिस्टीम निराळी निघाली. लायब्ररी उचलून तिथं न्यायची होती. मी दोघांना माझ्या घरी जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी आणि मिरची का सालन. भाकरी मोडता मोडताच काम ठरलं.

"काका, लायब्ररी नव्या सिस्टीमवर आणायची," रसिका म्हणाली, "आणि सोबत एक डॉक्युमेंट द्यायचं. कुठला आकडा कुठून येतो, एवढंच."

एवढंच! ज्याला पाटीवरचा आकडा पचत नाही त्याला तिनं हे काम दिलं, आणि वर 'एवढंच' म्हणाली.

हे काम काय आहे ते मला तू माझ्या बाल्कनीत बसून समजावलंस, ते मी माझ्या शब्दांत सांगते. लायब्ररीला स्वतःला काहीच ठाऊक नसतं. ती प्रत्येक गोष्ट सिस्टीमला विचारते. आणि प्रत्येक सिस्टीमच्या खिडक्या वेगळ्या, जसं एका राज्यात दाखला तहसीलला मिळतो, दुसऱ्यात मंडल कार्यालयात. एका खिडकीवर कोणीही विचारावं, दुसरीवर फक्त मालकाला उत्तर. एक खिडकी माप वेगळं वापरते. एक खिडकी उत्तर नसलं की सरळ शून्य देते, आणि दुसरी गप्प बसते. तेव्हा किशोरनं एकेक आकडा घेतला आणि लिहिलं: हा कोणाला विचारला, कोणाच्या परवानगीनं, माप काय, आणि उत्तर आलं नाही तर आपण काय सांगतो. सगळा उन्हाळा तो हेच करत होता. पानं घेऊन यायचा, मोठ्यानं वाचायचा, मी भाजी निवडत ऐकायची.

एका दुपारी वाचता वाचता थांबला.

"बाई, एक बोलू? घाबरू नका."

"मी कशाला घाबरू? बोल."

"डिस्कमधली जागा. थोडी जागा सिस्टीम मालकासाठी, म्हणजे स्वतःच्या नोंदींसाठी, राखून ठेवते. लग्नात शेवटची पंगत घरच्यांची असते ना, तसं. बाकीच्यांना विचारलं तर ती वजा करून सांगते. आता सगळी पानं उठली आणि घरचे लोक आपल्या राखीव पंगतीत बसायला लागले, तर पाहुण्यांसाठी किती जागा?"

"शून्य."

"जुनी सिस्टीम शून्य म्हणते. नवी जास्त खरी आहे. ती म्हणते, उणे. तुमच्यासाठी नाहीच, वर इतकी तूट."

"चांगलं आहे की."

"पण माझ्या लायब्ररीतल्या रकान्यात उणे मावत नाही. मी तसाच केला होता तो. तेव्हा उणे यायचंच नाही."

"मग उणे आलं तर काय दिसेल?"

तो पानाकडे बघत म्हणाला, "उलटा फिरतो आकडा. अफाट होतो. शहरातल्या सगळ्या डिस्का एकत्र केल्या तरी एवढी जागा भरणार नाही, एवढा."

मी हातातली जुडी खाली ठेवली. सबंध आयुष्य आकड्यांत घालवलं मी. चुकलेले आकडे पाहिले, बनवलेले पाहिले, पोरांनी एकमेकांचे उतरवलेले पाहिले. पण वस्तू संपली की 'अमाप आहे' म्हणून सांगणारा आकडा मी पहिल्यांदा ऐकत होते.

"म्हणजे पेटी गच्च भरली की रसिकाच्या पडद्यावर..."

"हिरवा दिवा. जागाच जागा."

"आणि पेटी भरली तर पाणी मोजायचं कसं होणार?"

"मोजते ती. पण मोजलेलं आधी लिहून ठेवते, मग भोंग्याकडे जाते. लिहायला जागा नाही मिळाली तर तिथंच अडकते."

"म्हणजे भोंगा?"

"नाही वाजत, बाई."

काठची ती पत्र्याची घरं मी पाहिली आहेत. भोंगा लागणार म्हणून तिथल्या बायकांना केवढा आनंद झाला होता. रसिकानं त्यांच्या सभेत शब्द दिला होता की भोंगा वाजत नाही तोवर बिनघोर बसा.

"रसिकाला सांगितलंस?"

"सांगितलं. लिहून पण दिलं."

मी रसिकाला त्याच रविवारी बोलावलं, तुलाही. तुझ्या देखतच विचारलं.

"मावशी, काकांनी डॉक्युमेंटमध्ये घातलंय ते. 'ज्ञात मर्यादा' म्हणून. झालं मग."

"झालं म्हणजे? चूक दुरुस्त झाली?"

"अगं, रकाना बदलला की त्याच्यावर उभं असलेलं सगळं परत बांधायचं, परत तपासायचं. पावसाळ्याच्या आत पेट्या लागल्या नाहीत तर काम दुसऱ्या कंपनीला जाईल. पुढच्या वेळी बघू. आणि डिस्क भरते कितीदा?"

तू म्हणालास, "रसिकाताई, पाणी चढतं तेव्हाच भरते. तेव्हा पेटी भराभर लिहिते, आणि सिस्टीम पण आपल्या नोंदी भराभर लिहिते."

"तेव्हा आम्ही लक्ष ठेवू, काका."

"कशावर? त्याच आकड्यावर?"

रसिका हसली. "काका, तुम्ही ना!" म्हणाली, आणि आणखी एक भाकरी घेतली. तू गप्प झालास. ताटातला भात तसाच ठेवून हात धुतलास. मी तुला चांगली ओळखते असं मला वाटत होतं, पण त्या गप्प होण्यात काय शिजत होतं ते मला मुळीच कळलं नाही.

मग तो दिवस. रसिकानं माधापूरच्या ऑफिसात पाहुणे बोलावले. ज्यांनी पेट्या मंजूर करायच्या ते अधिकारी. मधोमध काचेची अर्धी भरलेली टाकी, तिच्यावर खऱ्यासारखी पेटी बसवलेली, भिंतीवर पडदा, पडद्यावर हिरवे दिवे. टाकीत पाणी ओतायचं, खुणेवर आलं की भोंगा वाजणार, टाळ्या, माझा नारळ, समोसे. बादलीला पोरींनी झेंडूची माळ बांधली होती.

रसिका बोलत होती आणि तू कोपऱ्यातल्या कीबोर्डवर काहीतरी टाइप करत होतास. मला वाटलं, तुझंच काही काम असेल. रसिका म्हणाली, "आता आमचे ज्येष्ठ सहकारी पाणी ओततील." तिनं तो मान तुला मुद्दाम दिला होता रे. माझ्यासाठी दिला होता.

तू उठलास, बादली उचललीस, ओतायला लागलास. पाणी चढलं. खुणेला लागलं. खुणेच्या वर गेलं. भोंगा नाही. सगळे पडद्याकडे बघतायत, पडदा हिरवा. तू ओततच राहिलास. टाकी भरून वाहिली, पाणी गालिच्यावर आलं, गालिच्यावरून मोठ्या साहेबांच्या बुटात गेलं. ते उडी मारून मागे सरले, मागच्या खुर्चीत बसलेल्या बाईंच्या मांडीवर जवळजवळ बसलेच. मी एका हातानं नारळ आणि एका हातानं निऱ्या धरलेल्या. आणि भोंगा नाही. झेंडूची फुलं गालिच्यावर तरंगतायत.

"ये क्या तमाशा है?" साहेब ओरडले.

"तमाशा नै साब," तू म्हणालास, रिकामी बादली नीट खाली ठेवत. "डेमो."

"भोंगा क्यों नै बजा?"

"पेटी भर गई साब. मैं भरा. पर्दे पे देखो, कित्ती जगा है बोल रा."

सगळ्यांनी पाहिलं. त्या एका चौकोनात आकडा एवढा लांब झाला होता की चौकोनाबाहेर सांडला होता. त्याच्या शेजारी हिरवा दिवा. रसिका आकड्याकडे बघत होती, जसं घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं. मग तिनं तुला सगळ्यांसमोर सांगितलं, "बाहेर व्हा." तू चपला घातल्यास आणि गेलास. माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

गाडीत पोर रडली. "मावशी, त्यांनी मला एकटीला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं की."

"मग परत सांगायचं! शंभरदा सांगायचं!"

मी तिच्यावरही ओरडले आणि घरी आल्यावर फोन करून तुझ्यावरही.

"ही नाटकं कोणी शिकवली तुला?"

"बाई, मी सांगितलं की त्या हसतात. पाणी सांडलं तेव्हा कोणी हसलं नाही."

"अरे पण बादलीभर? तांब्याभर पुरलं नसतं?"

"खुणेपर्यंत यायला बादलीच लागते," तू म्हणालास. एवढं होऊनही तुझा हिशेब बिनचूक! मी फोन आपटला.

मंजुरी लांबली. काही जागा दुसऱ्या कंपनीला गेल्या. रसिकानं रकाना बदलून घेतला, दुसऱ्या माणसाकडून, पण तुझंच पान समोर ठेवून. सगळं परत बांधलं, परत तपासलं. ती माझ्याकडे आली की तुझं नाव काढत नसे, आणि तू आलास की तिचं. मी दोघांच्या मधे बसून वरण वाढत होते. इथवर सगळं मला पेलण्यासारखं होतं.

मग सप्टेंबरात मुसी चढली.

रसिकानं शब्द दिलेल्या त्या पत्र्याच्या घरांच्या वस्तीत पेटीच नव्हती. खांब रोवलेला, वर काही नाही. पोलिसांनी कर्णे घेऊन लोकांना उठवलं, माणसं वर आली, पण भांडी, गाद्या, शिलाई मशिनी, शेळ्या, सगळं गेलं. मी टीव्हीसमोर बसले होते आणि रसिकाचा फोन आला. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "मावशी, काकांनी बादली ओतली नसती तर आज तिथं पेटी असती. माणसांना तासभर आधी कळलं असतं."

हा विचार मला सुचलाच नव्हता. तोवर मी मनात तुझी बाजू घेऊन बसले होते, सगळं प्रकरण सोडवलेल्या उदाहरणासारखं खाली दोन रेघा मारून ठेवलं होतं. आता ते पुन्हा उघडं पडलं. पेटी असती तर ती त्या रात्री भरली असती का? भरली असती तर लोक भोंग्याची वाट बघत घरात बसले असते, आणि मग सामानावर भागलं नसतं. की भरलीच नसती, आणि भोंगा वाजला असता? सांगता येत नाही. संख्याशास्त्राची प्राध्यापक मी, मला सांगता येत नाही.

तू आलास तेव्हा रसिकाचं बोलणं मी तुला सांगितलं नव्हतं. तू स्वतःच म्हणालास, "तिथं पेटी नव्हती, बाई." तू नेहमीसारखा 'कोणाला विचारलं' असं म्हणशील, याची मी वाट बघत होते. तू म्हणाला नाहीस. तुझ्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, वसंतराव गेले त्या दिवशी.

पाणी ओसरल्यावर, नोव्हेंबरात, पेटी लागली. अफझलगंजच्या पुलापलीकडे, त्याच खांबावर. रसिका माझ्याकडे आली आणि टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत म्हणाली, "मावशी, काकांना म्हणावं, एकदा बघून जा. त्यांच्या हातानं एकदा भरून बघू देत तिला. मी नसेन तिथं, हवं तर."

"तूच कर ना फोन."

"नको. तू सांग."

मी सांगितलं. तू म्हणालास, "तुम्ही येत असाल तर येतो. एकटा नाही जाणार. तिथले लोक विचारतील, भाई, ही पेटी तेव्हा कुठं होती? काय सांगू?"

"मी सांगीन काय सांगायचं ते. मी येते."

काय सांगणार होते, देव जाणे. पण ठरलं. अफझलगंजपर्यंत ऑटो, पुढं चालत. सकाळी लवकर, उन्हाच्या आत. आदल्या दिवशी उदगीरहून फोन आला, सुलभा न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तू रात्रीच्या बसनं गेलास. तू परत आलास तर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, डॉक्टर म्हणाले धुळीत जायचं नाही. मग तू म्हणालास बुधवारी जाऊ, तर मी म्हणाले बुधवारी माझ्याकडे माणसं येणार आहेत. पुढच्या बुधवारचं मी विचारलं, तर तू म्हणालास, सुलभाला बघून येतो. आता तू येतोस, चहा पितोस, सुलभा काठी घेऊन चालायला लागल्याचं सांगतोस. मी डोळ्यांत थेंब घालून घेते तुझ्याकडून. बुधवारचं कोणीच काढत नाही.

रसिका दर आठवड्याला विचारते, गेले होते का काका. मी म्हणते, जाऊ.